बंद खोलीतला पंखा

देगू या कोरियन शहरातल्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला बसलेल्या मिरानच्या मागच्या बाकावर नणंद-भावजयीचं जुंपलं होतं.

"बंद खोलीत पंखा लावून झोपलं की माणूस मरतो, हे शेंबडं पोरही सांगेल, वहिनी. माझ्या भावाला तू तसंच झोपवलंस."

"डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलाय, वन्सं."

"डॉक्टरांचं काय सांगतेस? अख्खी गल्ली पंखाच म्हणतेय."

"म्हणू दे. महिनाभर छातीत दुखत होतं त्यांच्या. दवाखान्यात चला म्हटलं, तर 'आमच्या घरात सगळे धडधाकट, उगीच घाबरवू नकोस' असं कोण म्हणालं?"

आतून नर्सनं पुढचं नाव पुकारलं. मिराननं मान वळवली नाही.

"आता उठा, वन्सं. तुमचं नाव पुकारलंय. छातीत कधीपासून दुखतंय, ते तरी खरं सांगा."