कॉलरवरची भुकटी

डाग नाही हो साहेब, डाग असता तर मी हातानं चोळून काढला असता, उगाच का एवढी वर्षं हे लाँड्रीचं दुकान चालवतेय — भुकटी आहे ती. अहो, झटकू नका, इथं नको! कुठून आली म्हणजे? तुमच्याच कामावरून आली. सरकारी दवाखान्याच्या जुन्या खिडक्या खरवडून घेताय ना तुम्ही, तिथं तो उंच, मान खाली घालून काम करणारा पोरगा आहे बघा — माझा मुलगा तो. माहीत नव्हतं ना? असू दे, मीही कधी बोलले नाही. जुना रंग तो, त्यात शिसं असतं म्हणे. मला काय कळतंय शिशातलं? काही नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नातीचं रक्त तपासल्यावर. नुकती दुडुदुडू चालायला लागलेली पोर, बाप दारात आला की तशीच त्याच्या पँटीला मिठी मारायची — आता पोट धरून रडते, आलेले दोन शब्दही विसरली.

नियम आहे, साहेब. कामाचे कपडे कामावरच उतरवायचे, तिथंच धुवायचे, अंघोळ करून घरी जायचं. न्हाणीघर बांधलंतही की सरकारच्या पैशानं — आणि आत सोफा टाकून स्वतःच बसलात! वर गार हवेचं मशीन! मुलगा विचारायला आला तर म्हणालात, ते कंत्राटदारानं बघायचं. कंत्राटदार म्हणाला, मुकादमानं बघायचं. आणि मुकादम म्हणाला, तुझ्या आईची लाँड्री आहे ना, मग रडतोस कशाला? — बरोबर बोलला. आहेच माझी लाँड्री.

म्हणून मग मी काय केलं — ऐका, ऐका, आता उठू नका. तुमचे शर्ट धुवायचे, कडक इस्त्री करायची, आणि घडी घालण्याआधी मुलाची पँट वरून झटकायची. प्रत्येक खेपेला. जशास तसं! तुमच्याही पोटात कळ उठू दे, म्हटलं, आडवे व्हा एकदा, मग कळेल कुणी बघायचं ते. जा, करा तक्रार! पोलिसांना सांगा, भुकटी कुठली ते! कुणाच्या बापाला भीत नाही मी. आणि तुमचं काय बिघडणार आहे एवढ्यानं, धडधाकट माणूस, घरात एकटे राहता, मुकादमच सांगत होता —

काय? कधी आल्या बाईसाहेब? महिना झाला? आणि — पोर? केवढी आहे?

अगं बाई.

खांद्यावर घेता? हेच शर्ट घालून? दात येतायत म्हणून कॉलर चघळते...

माझ्या तोंडाकडे काय बघत बसलाय? पैसे नकोत मला. आधी तिचं रक्त तपासून घ्या. जा. जा म्हणते ना!