भिंतीला दोन हात

भाऊजी : अरे, नुसता बघत काय बसलायस? दोन हात मार आणि मोकळा हो. भाडेकरू संध्याकाळी किल्ली घ्यायला येतायत.

रंगारी : नाकाला फडकं बांधूनसुद्धा उभं राहवत नाही, भाऊजी. काय वास मारतोय!

भाऊजी : बंद खोली होती. खिडक्या उघडल्या की जाईल.

रंगारी : थापा मला नका मारू. वरच्यांच्या संडासाचा पाइप ह्याच भिंतीतून गेलाय, आणि तो फुटलाय. ही बघा, नुसती टिचकी मारली.

भाऊजी : शी, शी! काय पडलं ते?

रंगारी : प्लास्टर. आत काळी बुरशी, वर अळ्या. लावा ना हात, तुमचंच घर आहे.

ताई : अगं बाई! झाक रे ते आधी!

रंगारी : गेल्या वर्षी मीच झाकलं होतं, ताई. रंगात डांबरगोळ्या कुटून घातल्या, वास दबावा म्हणून.

भाऊजी : तेव्हा बरा गप्प होतास! आज एकदम साधू झालास?

रंगारी : तेव्हा मन मारलं, ताईचं घर म्हणून. तेव्हाच्या भाडेकरू बाईने पाळणा ह्याच भिंतीला लावला. पोराच्या छातीत घुरघुर सुरू झाली, चारदा दवाखान्यात ठेवलं. जिन्यात मला विचारलंन, ‘भिंतीत काही नाही ना हो?’ मी म्हटलं, छे, हवा बदलली असेल. किळस येते मला माझीच.

ताई : पोर बरं झालं ना पण?

रंगारी : घर सोडून गेले. विचारायला तोंड कुठे होतं मला?

भाऊजी : झाले टोमणे मारून? पाइप बदलायचा तर वरच्यांचा संडास फोडावा लागेल. दोन महिने घर रिकामं पडेल. मार रंग!

रंगारी : मन मार, थाप मार, रंग मार. आता पोरच मारायचं राहिलंय. नव्यांच्यात लहान कोण आहे?

भाऊजी : तुला काय करायचंय?

ताई : मुलगी आहे, सहा महिन्यांची. काल माझं बोट सोडतच नव्हती.

भाऊजी : तू मध्ये तोंड घालू नकोस!

रंगारी : मग मी खरवडतो. पार विटेपर्यंत. येऊन बघू देत त्यांना.

भाऊजी : खरवडलंस तर ह्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवतो. अगं, बोल ना काहीतरी! भाऊ तुझा आहे.

ताई : (फोन लावून) हॅलो... हो, मीच बोलतेय. संध्याकाळी या तुम्ही, भिंत दाखवायची आहे. तेवढं मुलीला मात्र आणू नका.