दादाच्या छातीतलं कडं

माहं माहेर धामणगाव बढे, मोताळा तालुक्यातलं. बा शेती करे, आमी दोघंच लेकरं, दादा अन् मी सुनंदा, दादा सहा वर्षानं मोठा. आता मी मेहकरले एका दवाखान्यात एक्स-रे काढते, बारा वर्षं झाली, अर्ध्या तालुक्याच्या छात्या म्या आतून पाह्यल्या बाप्पा, हसू नका, खरं सांगून राह्यली. अन् मी बोलते तसंच लिहा बरं, तुमच्या पुण्यावानी गुळगुळीत करसान त मी म्हनीन हे माहं नाहीच.

दादाले लहानपणी सांधेताप आला होता, गुडघे सुजत, घसा धरे, आमी म्हनो थंडी बाधली, पण त्या तापानं आतून काळजाची झडप खराब करून टाकली. हे समजलं तवा तो अठराचा होता, चार पायऱ्या चढला का दम लागे. मंग नागपूरले छाती उघडून धातूची झडप बसवली. तवापासून रक्त पातळ राह्याची गोयी रोज, अन् घरात एकच पाढा, दादा हे उचलू नको, दादा तिकडे जाऊ नको, माय तर त्याले पाण्याचा गुंड भरू देत नसे. त्याले लय राग ये. म्हने, माय, मले झडप बसवली, मले काचेचा नाही केला.

मंग त्याचं लग्न जुळलं, साखरपुडा झाला, अन् पोरीकडच्यायले झडपेचं समजलं. बानं लपवून ठेवलं होतं ना. लग्न मोडलं. बा भर अंगणात दादाले म्हने, तुह्यापायी माही मान खाली गेली.  दादा दुसऱ्या दिवशी सकाई मलकापूरच्या यष्टीत बसला, गोयांचा डबा नेला, एक्स-रेचं पाकीट घरीच राह्यलं. मी तवा एक्स-रेचा कोर्स करत होती. तेरा वर्षं झाली, एक फोन नाही. त्या एका बोलण्यापायी बा झुरून झुरून वारला, पण बोलणं काही वापस घेता येत नाही.

त काय सांगू तुम्हाले, छातीची फिलम आली का माहा डोया आधी मधातच जाते, फुफ्फुसं मंग. हाडावर तारेचे टाके दिसले का समजाचं छाती उघडेल आहे, अन् बाजूले गोल कडं दिसलं का झडप. नवीन होती तवा एका बाईले म्या दोनदा झापलं, गळ्यातलं पदक काढ म्हणलं ना, अन् ते पदक नव्हतंच, झडप होती, बिचारीनं झंपराचा गळा सरकवून छातीवरची शिवण दाखवली मले. त्या दिवशी घरी दादाची फिलम काढून बसली अन् शिकली. श्वासनळीले जिथं दोन फाटे फुटतात तिथून काळजाच्या टोकापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढाची, कडं रेघेच्या वर असलं त एक झडप, खाली असलं त दुसरी. शंभर टक्के नाही, पण बहुतेक डाव जमते. दादाची खालची. आता आमचे डॉक्टरबी मले विचारतात, सुनंदाबाई, ही कोणती. पण मी काही हुशारीसाठी नव्हती शिकली, मी दादाले हुडकून राह्यली होती. माणूस दाढी वाढवते, नाव बदलते, छातीतलं कडं कसं बदलवीन.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माह्यासंग कोर्सले असलेली वैशाली, वडनेर भोलजीची, नांदुऱ्याले एक्स-रे काढते, तिले म्या सांगून ठेवलं होतं, असं कडं दिसलं का मले कळव. तिनं सकाईच मोबाइलवर फिलमचा फोटो धाडला, असं धाडू नये खरं तर, पण धाडला. म्हने, चाळिशीचा माणूस आहे, ट्रकवर असते, खोकल्यासाठी आला, गाव नीट सांगत नाही, मी त्याले रिपोर्टसाठी बसवून ठेवते. म्या पाह्यलं, टाके होते, कडं होतं. म्या रेघ ओढलीच नाही. रोज लोकायच्या छातीवर ओढते, त्या दिवशी नाही ओढली, काऊन का मले पाह्याचंच नव्हतं. मायले फोन लावला, म्हणलं माय, दादा सापडला, नांदुऱ्याच्या दवाखान्यात आहे.

तिनं कसा काय सापडला एवढंबी विचारलं नाही. भाकर-ठेचा फडक्यात बांधला अन् अंगावरच्या लुगड्यावर निघाली. मेहकर लांब पडते, मी पोचली तवा माय कवाचीच आत गेली होती. वैशालीनं मले दारातच धरलं, बाजूनं काढलेली दुसरी फिलम उजेडात लावली. कडं वरचं होतं. सरळ सरळ वरचं. मी तिथंच फरशीवर बसली. मले दादाचं दुःख नंतर झालं, आधी हेच आलं मनात का म्या मायचं पोरगं दुसऱ्यांदा हरवलं.

आत गेली त माय त्या माणसाजवय बाकड्यावर बसेल, भाकर-ठेचा त्याच्या हातावर देऊन राह्यली, अन् तो बिचारा खालच्या मानेनं खाऊन राह्यला. म्या म्हणलं माय, हा आपला दादा नाही व. ती म्हने, मले दिसते, मी दादाची माय आहे, मले तुह्या फिलमा लागत नाही. मंग त्याले विचारे, गोयी घेतं का रे रोज. तो म्हने, चुकते कधी कधी. माय म्हने, चुकू देऊ नको. तुही माय आहे का. तो म्हने, हाव, आहे, गावाकडे. मायनं विचारलं, किती दिस झाले गेला नाही. तो हातावरच्या भाकरीकडे पाहे. माय म्हने, फोन लाव, आत्ता, माह्यासमोर लाव. त्यानं हात पुसले, मोबाइल काढला अन् लावला. तिकडून एका बाईनं हॅलो म्हणलं, अन् हा माणूस हुंदके देऊन रडाले लागला. माय पदर तोंडाले लावून बाहेर आली.

आता ती माह्यापाशीच राहते. ड्यूटीवरून आली का विचारते, आज आलं का व एखादं कडं. मी म्हणते, नाही माय. रेघ मी आता रोज ओढते, आधी ओढते. माय म्हने, तो कुठंबी असो, जिता असो, अन् ज्या कोणाच्या मशीनपुढे उभा राहीन त्यानं त्याले एवढंच म्हणावं, मायले फोन लाव.