उतारावर थांबलेली लाल गाडी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, माझ्या परिचारिका मैत्रिणींनो आणि पुढच्या रांगेतल्या माझ्या घरच्या माणसांनो,

सर्वांना मनापासून नमस्कार. अध्यक्षांनी माझं इतकं कौतुक केलं, की ही गुणी मेट्रन कोण, हे पाहायला मीच मान वळवली! त्यांचं शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही. ते म्हणाले, "आता निवृत्तीनंतर बाईंनी ती जुनी गाडी विकून स्वस्थ बसावं." का बसावं?

यजमान गेल्यावर मी ती घेतली. दोघांपुरती, लाल स्पोर्ट्‌स कार. माझ्या मुलापेक्षा वयानं मोठी. तळाचा पत्रा इतका गंजलेला, की पायाखालचा रस्ता दिसायचा. मुलगा म्हणाला, "आई, हे भंगार आहे." नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, या वयात लाल?" वन्सं, आपण समोरच बसला आहात, म्हणून पुढचं गाळते.

पत्रा बदलला. कार्बुरेटर उघडून साफ करायला शिकले. ऑपरेशनची हत्यारं मांडण्यात हयात गेली, मला स्क्रूंची कसली भीती? पण जुन्या ब्रेकनं दगा दिला. आपल्या रुग्णालयासमोरच्या उतारावर पेडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढत मी गाडी कुंपणात घातली. कपाळाला खोक पडली. व्यासपीठावरच्याच एका डॉक्टरांनी टाके घातले, वर उपदेशही केला. तो मी मागितला नव्हता.

थोड्याच दिवसांत ड्यूटीवरून घरी आले, तर गाडी साखळीनं ट्रकला बांधलेली. मुलानं आणि वन्संनी भंगारवाला बोलावला होता. मी दार उघडलं आणि आत जाऊन बसले.

"आई, उतर. शेजारी बघताहेत."

"बघू देत."

"बाबा गेले. आता तुलाही काही झालं असतं म्हणजे?" तो खिडकीशी वाकून म्हणाला.

 मी उतरले नाही. म्हटलं, "काळजी करायची तर माझ्या शेजारी बसून कर, माझ्या पाठीमागे नको."

भंगारवाल्यानं साखळी सोडली. "ताई, तुमचं घरात काय ते ठरवा," म्हणाला आणि गेला.

मुलानं अबोला धरला. मी मेकॅनिकच्या बाजूला उकिडवी बसून ब्रेकचे सगळे पाइप बदलून घेतले, सिलिंडर नवा बसवला. गाडी तपासायला निघाले, तर मुलगा फाटकाशी उभा. आत येऊन बसला, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. त्याच उतारावर मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

सीटवरचे हात सोडत तो म्हणाला, "जरा डावीकडे ओढतेय गं."

मंडळी, अबोला याहून गोड शब्दांत सुटलेला मी तरी ऐकलेला नाही.

तेव्हा अध्यक्षमहोदय, आपण भेट दिलेली आरामखुर्ची मी आदरानं स्वीकारते. तिच्यात वन्सं बसतील. मी गाडीखाली असेन, उताणी, नाकाला ग्रीस लावून. शोभत नाही म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

इतकी वर्षं आपण मला आपलं मानलंत, हे ऋण मी विसरणार नाही. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. गाडीबद्दल मात्र मी कुणाचीही क्षमा मागणार नाही.