माफी नको, पावती द्या

निजामाच्या अमलातली गोष्ट. मुरुमच्या कचेरीत घरपट्टीच्या खिडकीपुढं बब्रुवान अनवाणी उभा होता. त्याच्या गल्लीला पट्टी माफ झाली होती. माफीची चिठ्ठी घ्यायची आणि वाचलेल्या पैशांत बाजारातून नवी चप्पल घ्यायची, असा त्याचा बेत; तो त्यानं खिडकीपर्यंत ऐकू जाईल असा रांगेत सांगितलाही होता. त्याच्या पुढं त्याच गल्लीतले म्हातारे विणकर नबीलाल आणि खिडकीतले मुन्शी यांची जुंपली होती.

"चाचा, माफीची दवंडी ऐकली न्हाय का?"

"ऐकली की. पर म्या भरायला आलोय."

"सरकार सोडतंय अन् तुमी धरताय?"

"मुन्शीजी, गावच्या कमिटीच्या निवडणुकीत मत कुणाला देता येतं?"

"पट्टी भरणाराला."

"अन् माफीवाल्याला?"

"त्याला... न्हाय."

"मागल्या खेपेला आमच्या गल्लीनं कमिटी चालवणाऱ्या इनामदारसाहेबांच्या पार्टीला मत दिलं न्हाय. मग यंदा ही माया कशी उतू चालली?"

"गरिबांची दया येती त्यांना."

"त्यांच्या सोताच्या गल्लीत गरीब न्हाईत व्हय? तिथं कुठं माफी हाय?"

रांग खदखदली.

"हळू बोला चाचा, इनामदारसाहेब आत बसलेत."

"बसू द्या. निवडणूक झाल्यावर घरीच बसायचंय त्यांना. पावती द्या."

पावती टोपीत खोचून नबीलाल गेले.

"बब्रुवान, तुमाला माफीच ना?"

बब्रुवाननं कनवटीचे पैसे खिडकीत ठेवले.

"भरून घ्या, मुन्शीजी."

"अन् चप्पल? मत द्यायला अनवाणी येणार?"

"व्हय की. पाय पोळले तर पळत यीन."