पूलकाठच्या कुरडया

पुढे रिसॉर्टवाल्यांनी दिवाकररावांना तिसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. पण ते अजून झालंच नाही, असं धरून चालू. सध्या ते नाशिकच्या कॉलेज रोडवर, हॉलिडे क्लबच्या ऑफिसात बायकोसोबत रांगेत उभे होते. यशश्री नावाच्या एका अनोळखी मुलीचा नंबर त्यांच्या मागेच, त्यामुळे तिला ऐकणं भाग होतं.

"अगं उत्तरा, मार्चअखेर आपला मेंबरशिपचा आठवडा वाया जाईल. महाबळेश्वर घेऊ."

"तिथे कुरडया वाळतील का?"

"आपण सुट्टीला चाललोय."

"अहो, आपल्या गच्चीवर त्या नव्या टॉवरची सावली. तीन वर्षं विकतच्या कुरडया गिळतोय. आणि तिथे स्विमिंग पूलच्या काठी वीस खुर्च्या नुसत्या ऊन खात पडल्यात."

"मग मी कुठे पडू?"

"पाण्यात. कावळे तिथूनही हाकता येतात."

"मॅनेजर काय म्हणेल?"

"त्याला वाटीभर गरम चीक देऊ. काही म्हणायचा नाही."

"समोर डोंगर आहे. नऊपर्यंत ऊन येत नाही."

"हे आधी नाही का सांगायचं?"

उत्तराबाईंनी काउंटरवरचा फॉर्म ओढला आणि 'विशेष विनंती'च्या रकान्यात सावकाश लिहिलं: 'तरी सदर डोंगर सात दिवसांपुरता बाजूला घेण्यात यावा, ही नम्र विनंती.'