सहाव्या पायरीपर्यंत

नाव ओळखपत्राप्रमाणे. गल्लीत ‘घुबड’ म्हणतात, तेही लिहा, त्याशिवाय मला कोणी ओळखत नाही. वय २६. धंदा: चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. राहणार: दुमजली घराचा तळमजला, मागची खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, वरील ठिकाणी मी आईसोबत भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर काकू राहतात. नात्याने काकू नाहीत. वय अंदाजे ६८. एकट्या असतात, मुलगा वेगळा राहतो. त्यांच्याकडे जायला मागच्या अंगणातून जिना आहे, चौदा पायऱ्या. वर एक बल्ब आहे.

मला रात्री जनावरांचे फोटो काढायचा नाद आहे. जिन्याच्या कठड्यावरून आमच्या अंगणात एक उदमांजर उतरतं. आईला दोनदा दिसलंय, काकूंनी तर मोजणं सोडलंय. मला एकदाही दिसलेलं नाही. तीन तारखेपासून मी रोज रात्री साडेनऊ ते बारा कॅमेरा लावून बसत होतो. साहेबांनी विचारलं म्हणून पद्धत सांगतो. कॅमेरा जुना आहे, कमी उजेडात त्याचं काही चालत नाही. म्हणून काळोखात शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं, मिटलं की पुन्हा उघडायचं. मधे जनावर आलं की हातातला छोटा फ्लॅश एकदाच मारायचा. तेवढाच क्षण उमटतो. दुसरा कुठलाही उजेड आला की फोटो वाया.

आणि उजेड यायचाच. पहिल्या तीन रात्रींचे सगळे फोटो त्या बल्बमुळे हळदीत बुडवल्यासारखे आलेत. मी काकूंना म्हणालो, बल्ब रात्री बंद ठेवाल का. त्या म्हणाल्या, “मी पडलेबिडले तर तुझं मांजर येणार आहे का मला उचलायला?” तरी दोन रात्री बंद ठेवला. तिसऱ्या रात्री विसरल्या. आई मधेच स्वयंपाकघरातला दिवा लावते, वर विचारते, “आलं का रे तुझं पाहुणं?” समोरच्या घरातला टीव्ही आमच्या भिंतीवर निळा नाचतो. त्या टीव्हीवाल्यांना मी चार वेळा जाऊन सांगितलं, पडदा लावा म्हणून, तर ते मलाच... हे प्रकरणाशी संबंधित नाही असं साहेब म्हणाले. ठीक आहे.

नऊ तारखेपासून मी स्वतः बल्ब सैल करत होतो. काढत नव्हतो. अर्धा फेरा. सकाळी दुकानात जाताना परत आवळायचो. अकरा तारखेला उशीर झाला, आवळायचा राहिला. काकूंना वाटलं बल्ब गेला. त्यांनी वायरमनला बोलावलं. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा त्याने नवा होल्डर आणि नवा बल्ब बसवला होता. त्याने मला जुना बल्ब दाखवून विचारलं, “दादा, हा तर चांगलाय. मग लागत का नव्हता?” मी म्हणालो, “असेल काहीतरी.”

तेरा तारखेला रात्री काकू जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय, दवाखान्यात आहेत. त्यांच्या मुलाची तक्रार अशी की वायरमनने काम ढिलं केलं म्हणून बल्ब लागला नाही. काकूंचा जबाब मला वाचून दाखवला. त्यात एवढंच आहे, “माझाच पाय घसरला, कोणाला त्रास देऊ नका.” वायरमन सकाळपासून बाहेर बाकावर बसलाय. मी आलो तेव्हा त्याने सरकून मला जागा दिली.

वायरमनचं काम बरोबर होतं. त्या रात्री नऊ चाळीसला बल्ब मी सैल केला. फोटोंवर वेळ असते. नऊ अडतीसच्या फोटोत पिवळा उजेड आहे, नऊ एक्केचाळीसच्या फोटोत नाही. कार्ड जमा करतो. त्याला आता घरी जाऊ द्यावं.

त्याच कार्डातला दहा छत्तीसचा फोटो दाखवून साहेबांनी विचारलं, ही पांढरी रेघ कसली. ती काकूंची बॅटरी. शटर उघडं असताना अंधारात चालणारा माणूस उमटत नाही, त्याच्या हातातला उजेड मात्र रेघ होऊन उमटतो. रेघ वरच्या दारापासून निघते आणि कठड्याच्या कडेने खाली येते. काकू दर पायरीला थांबतात, तिथे रेघेला गाठ पडते. सहा गाठी आहेत. “बल्ब पुन्हा गेला रे, तू अंधारात बसलायस, ही घे तुझ्याजवळ ठेव,” असं म्हणत त्या उतरत होत्या.

साहेबांनी विचारलं, काकूंची चप्पल वरून आठव्या पायरीवर सापडली, मग रेघ सहावीवरच का थांबते, बॅटरी संपली का. बॅटरी संपली नव्हती. ती आमच्या अंगणात मिळाली, अजून लागते. मी खालून म्हणालो, “काकू, आधी ती बॅटरी बंद करा.” त्या म्हणाल्या, “बरं बाबा.” बंद केली.

उदमांजर त्या रात्रीही आलं नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितलं तसाच लिहिलाय. एकच दुरुस्ती आहे. शेवटी बॅटरीच्या ठिकाणी ‘म्हणालो’ लिहिलंय, तिथे ‘ओरडलो’ करावं. बाकी बरोबर आहे.